पाइपच्या गॅसची शेगडी

यशोदाबाई स्वयंपाकघरात पडल्या त्या सकाळी नाशकात कडाक्याची थंडी होती. सातपूरच्या कॉलनीतलं त्यांचं घर दोन खोल्यांचं. म्हाताऱ्या सासूला थंडी बाधते म्हणून रोहिणीने स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावून घेतली होती आणि मागच्या दाराच्या फटीत जुनं पोतं कोंबलं होतं. यशोदाबाई सगळ्यांच्या आधी उठायच्या, अंघोळीच्या पाण्याचं पातेलं गॅसवर चढवायच्या आणि शेगडीची ऊब घेत शेजारीच पाटावर बसायच्या. त्या दिवशीही तशाच बसल्या होत्या.

रोहिणी डबा करायला आत आली तेव्हा पातेल्यातलं पाणी निम्म्यावर आलं होतं आणि सासूबाईंची मान छातीवर पडली होती.

"आई, इथं काय झोपलात? अंथरुणात जा ना."

उत्तर आलं नाही. रोहिणीने खांद्याला हात लावला तशा त्या पाटावरून कलंडल्या. डोळे अर्धवट उघडे, पण बघत कुणाकडेच नव्हते. तिने नवऱ्याला हाक मारली ती अशी, की शेजारची सुवर्णा भिंतीपलीकडून धावत आली.

नवनाथ सातपूरच्याच एका कारखान्यात मशीनवर काम करायचा. अंगात युनिफॉर्मचा शर्ट घालता घालता तो तसाच आला आणि आईला उचलून बाहेर घेऊन गेला. रिक्षात बसल्यावर यशोदाबाईंनी एक उलटी केली. दवाखान्यात त्यांना लगेच ऑक्सिजन लावला. लकवा असेल, बीपी असेल, काहीही असू शकतं असं सांगितलं, रक्त काढून घेतलं. दुपारपर्यंत त्यांनी डोळे उघडले, लेकाला ओळखलं. डोकं फुटतंय एवढंच म्हणाल्या.

तेव्हा रोहिणीला आठवलं की डोकं तर तिचंही दुखतंय. गेले काही दिवस रोज सकाळी दुखत होतं. शाळेत गेलं की उतरायचं. ती गंगापूर रोडवरच्या एका बालवाडीत शिकवायची. पोरांच्या गोंगाटाने डोकं दुखायला हवं, तिथे उलट बरं वाटायचं. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

संध्याकाळी नवनाथ कपडे आणि चादरी आणायला घरी गेला. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच त्याची नजर शेगडीवर गेली. तीन बर्नरची, वरून काळी काच, नव्यासारखी चकचकीत. रोहिणीच्या शाळेतल्या चैताली मॅडमनी स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं आणि ही जुनी शेगडी रोहिणीला दिली होती. आणल्या दिवशी पेटवली तेव्हा ज्योत हातभर उसळली होती. रोहिणी दचकून मागे सरली, तर नवनाथच हसून म्हणाला होता, "घाबरतेस काय, भारी शेगडी आहे, कुकर पटापट होईल." त्यानंतर भांड्यांची बुडं काजळीने भरायला लागली, यशोदाबाई घासून घासून दमायच्या. आणि आता आई दवाखान्यात.

ही वस्तू घरात आली आणि आजारपण आलं, एवढंच त्याच्या मनाने घेतलं. जास्त विचार त्याने केला नाही. शेगडी सोडवली, गाडीवर बांधली आणि नाक्यावरच्या झुंबरशेठच्या जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन टाकली. तिच्या बदल्यात साधी दोन बर्नरची स्टीलची शेगडी घेऊन आला.

"चालते ना नीट?" झुंबरशेठने विचारलं होतं.

"एकदम मस्त चालते," नवनाथ म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण बाई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. त्यांनी आधी यशोदाबाईंना काही विचारलं नाही, रोहिणीलाच बाहेर बोलावलं.

"घरात गॅसचा गीझर आहे?"

"नाही."

"कोळशाची शेगडी? शेकोटी?"

"नाही, साधा गॅस. सिलिंडरचा."

"ज्योत कशी असते? निळी की पिवळी?"

रोहिणीच्या डोळ्यांपुढे ती उसळणारी ज्योत आली. "पिवळी," ती म्हणाली. "मोठी, पिवळी. भांडी काळी होतात."

"आणि खिडकी बंद?"

"थंडी आहे म्हणून."

डॉक्टरीण बाईंनी सावकाश समजावलं. गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, तो दिसत नाही, डोळ्यांना झोंबत नाही. माणसाला नुसती झोप येते. "तुमच्या सासूबाई पाटावरून पडल्या म्हणून तुम्हाला कळलं. अंथरुणात असत्या तर झोपल्यात असंच वाटलं असतं. तुम्हा सगळ्यांनाच."

त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. रोहिणी तिथेच व्हरांड्यात बाकावर बसली. मग तिने चैताली मॅडमना फोन लावला.

"मॅडम, तुम्ही शेगडी दिलीत ना, तिची ज्योत तुमच्याकडे कशी होती?"

"छान होती गं. बेताची. का?"

"आमच्याकडे खूप मोठी होते. पिवळी."

"रोहिणी, तुमच्याकडे सिलिंडर आहे का?"

"हो."

"अगं आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. लाइन आली तेव्हा माणूस येऊन बर्नरखालचं काहीतरी बदलून गेला होता, सिलिंडरवर आता चालणार नाही म्हणाला होता. आणि मी… मला ते सांगायचं सुचलंच नाही गं. काही झालं का? रोहिणी?"

रोहिणीने काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मग आपल्या सिलिंडरच्या एजन्सीला फोन करून तिथल्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, पाइपच्या गॅसचा जोर कमी असतो, म्हणून त्याच्यासाठी बर्नरखालच्या पितळी जेटचं भोक मोठं करतात. तीच शेगडी सिलिंडरला लावली की त्या मोठ्या भोकातून जास्तीचा गॅस येतो, हवा पुरत नाही, ज्योत पिवळी होते, काजळी धरते. "जेट बदलून घ्या, मग चालेल. पण तोवर पेटवू नका ताई. बंद खोलीत तर मुळीच नको."

नवनाथ चहा घेऊन जिन्यावरून वर येत होता. रोहिणीने त्याला अर्ध्या जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. "आता घरी जा, शेगडीची नळी काढून ठेव. कुणी चुकून पेटवायला नको."

नवनाथ पायरीवरच थांबला.

"काय झालं?"

"मी ती देऊन टाकली. काल. झुंबरशेठच्या दुकानात."

"चालू शेगडी म्हणून?"

त्याने मान डोलावली. रोहिणीला रागाच्या आधी भीती वाटली. कुठल्या तरी घरात, दारं लावून, कुणीतरी ती शेगडी पेटवून तिच्याजवळ ऊब घेत बसलं असेल.

यशोदाबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. त्यांना सगळं कळलं नाही, पण शेगडी दुसऱ्याच्या घरी गेलीय एवढं कळलं. त्या म्हणाल्या, "माझ्यापाशी सुवर्णा बसंल. तुमी दोघं जा. आदी जा."

झुंबरशेठ दुकानाबाहेर उन्हात बसला होता. शेगडीचं नाव काढताच हसला. "गेली की! सकाळी दुकान उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक तेच."

"कोण? कुठला?" नवनाथने विचारलं.

"वाळू म्हणून एक पोरगा आहे पेठ तालुक्याकडचा. इथं कंत्राटावर होता मागं, ओळखीचा आहे. बायको बाळंत झालीय त्याची. म्हणाला, गावाकडं थंडी लय हाय, बाळंतिणीला पाणी तापवायला शेगडी पाहिजे. घरातली जुनी पार गंजली म्हणे. भाजीच्या जीपमध्ये टाकून घेऊन गेला."

बाळंतीण या शब्दापुढचं रोहिणीने ऐकलंच नाही. बाळंतिणीची खोली कशी असते ते तिला ठाऊक होतं. वारा लागू नये म्हणून फटी बुजवलेली, दार ओढून घेतलेलं.

"शेगडीवर काही लिहिलेलं नव्हतं?" तिने विचारलं.

झुंबरशेठचं हसू मावळलं. "खाली एक स्टिकर होता. मळका. मी रॉकेल लावून पुसला. माल स्वच्छ दिसावा म्हणून… का हो ताई?"

सांगायला वेळ नव्हता. वाळूचा नंबर त्याच्याकडे होता. तिघांनी तीन फोनवरून लावून पाहिला. तीच बाई तेच सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. झुंबरशेठला पाड्याचं नाव आठवत नव्हतं; करंजाळी गावाच्या पुढे डावीकडे रस्ता फुटतो, टेकडीखाली नवं घरकुल बांधलंय, एवढं वाळू बोलल्याचं तो सांगू शकला.

नवनाथने गाडीला किक मारली.

पेठ रस्ता रोहिणीला एरवी आवडायचा. आज पुढच्या वळणाआड काय आहे ते दिसत नाही, एवढंच तिला जाणवत होतं. वारा तोंडाला सुईसारखा लागत होता. ती मागे बसून पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. घाटात एका ट्रकच्या मागे अडकले तेव्हा नवनाथने ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली, समोरून जीप आली आणि त्याला पुन्हा आत घुसावं लागलं. रोहिणीने त्याचा शर्ट मुठीत धरला.

"हळू," ती म्हणाली. आणि लगेच, "नाही, चल. चल."

"तिनं पेटवली नसंल अजून," नवनाथ मान न वळवता ओरडला. "नळी नसंल, रेग्युलेटर बसला नसंल."

रोहिणीला वाटलं, हा मला नाही, स्वतःला सांगतोय. तिने पुन्हा नंबर लावला.

करंजाळीच्या पुढे त्यांनी दोनदा रस्ता चुकवला. वाळू म्हटलं की लोक विचारायचे, कोणता वाळू? शेवटी नागलीच्या कणसांची पाटी वाहून नेणाऱ्या एका बाईने हात केला. "पोर झालंय तो ना? ते काय, पत्र्याच्या घरापल्याड." तोवर उन्हं कलली होती आणि डोंगराची सावली पाड्यावर उतरायला लागली होती.

घर दोन भागांचं होतं. जुनं झोपडं कारवीच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं, त्याच्या फटींतून वारा सरळ आरपार जाई. त्याला लागून नव्या घरकुलाची एकच खोली, विटांची, सिमेंटची, एका बाजूला छोटी खिडकी. खिडकीला पोतं ठोकलेलं होतं. दार ओढलेलं होतं आणि दाराच्या खाली गोधडी गुंडाळून लावली होती. अंगणात एक म्हातारी सूप पाखडत बसली होती. ती वाळूची आई, विठाबाई.

"आजी, वाळू कुठाय?" नवनाथने गाडी तशीच पडू देत विचारलं.

"पेठंला गेलाय, औषध आणाया. तुमी कोण?"

"शेगडी कुठाय?" रोहिणीने विचारलं. "सकाळी आणली ती शेगडी?"

"आत हाय. पानी ठिवलंय आंगुळीला. सून निजलीय बाळाला घिऊन, खोली पन गरम व्हती." म्हातारी सूप खाली ठेवत उठली. "हळू बोला. मगाधरनं लय गाढ निजलीय."

रोहिणी धावली. नवनाथने खांद्याने दार लोटलं, गोधडीसकट. आतली ऊब तोंडावर आली, दमट आणि जड. कोपऱ्यात जमिनीवर ती काळ्या काचेची शेगडी होती आणि पातेल्याच्या कडेने वर आलेल्या पिवळ्या जिभा भिंतीवर नाचत होत्या. नव्या चुन्याच्या भिंतीवर काजळीचा मोठा डाग उठला होता. रोहिणीने श्वास रोखून धरला आणि सिलिंडरचा खटका बंद केला. नवनाथने खिडकीचं पोतं ओरबाडून काढलं.

खाटेवर मैना निजली होती, वाळूची बायको, अगदीच लहान वयाची. डोक्याला फडकं बांधलेलं. कुशीत बाळाचं गाठोडं. रोहिणीने तिला हलवलं. तिची मान सैल पडली, जशी पाटावर यशोदाबाईंची पडली होती. रोहिणीने बाळ उचललं आणि बाहेर पळाली. मागून नवनाथ मैनाला दोन्ही हातांवर घेऊन आला आणि अंगणातल्या बाजेवर ठेवली.

"काय करता रं? वारं लागंल तिला! वारं लागंल!" विठाबाई किंचाळत होती. आजूबाजूच्या घरांतली माणसं धावत आली. कुणीतरी नवनाथची कॉलर धरली.

रोहिणी जमिनीवर बसली होती. तिने बाळाची दुपटी सोडली. बाळ हलत नव्हतं. ओठ मिटलेले, मूठ उघडी पडलेली. तिने त्याच्या छातीवर कान ठेवला, पण स्वतःच्याच काळजाचे ठोके एवढ्या जोरात पडत होते की दुसरं काही ऐकू येईना. तिने त्याचे तळवे चोळले, पाठ चोळली, थंड हवेत त्याला तसंच उघडं धरलं. विठाबाईने ते पाहिलं आणि तिचं किंचाळणं थांबलं. नवनाथची कॉलर धरणाऱ्याने हात सोडला.

"रड," रोहिणी म्हणाली. "रड रे बाबा. रड ना."

बाळाने तोंड वाकडं केलं. आवाज आला नाही. मग एक बारीक उचकी आली, मग दुसरी, आणि मग तो रडला, फाटक्या, कोरड्या आवाजात, आणि रडतच राहिला. रोहिणीला वाटलं की तो थांबूच नये.

मैना डोळे उघडत होती आणि पुन्हा मिटत होती. ओकारी येत होती तिला. नवनाथने पाड्यातल्या लोकांना ओरडून सांगितलं की विषारी गॅस आहे, हिला आणि बाळाला आत्ता दवाखान्यात न्यायचं. त्याच्या आवाजात असं काही होतं की कुणी वाद घातला नाही. जीप आली. रोहिणी बाळाला मांडीवर घेऊन मागे बसली आणि पेठच्या दवाखान्यापर्यंत त्याला झोपू देईना. झोप लागायला लागली की टाचेला चिमटा काढी. पोरगं रडे. विठाबाई समोर बसून बघत होती आणि आता एका शब्दाने अडवत नव्हती.

दोघांना ऑक्सिजन लावला. रात्र तिथेच काढावी लागली. सकाळी मैनाने बाळाला अंगावर घेतलं आणि डॉक्टर म्हणाले की धोका टळला. तेव्हा कुठे रोहिणी भिंतीला टेकून खाली बसली.

वाळू निरोप मिळून रात्रीच दवाखान्यात आला होता. आता तो नवनाथजवळ आला. "झुंबरशेठ म्हनला, शेगडी तुमच्या घरची."

"हो," नवनाथ म्हणाला. "माझी आई तिच्यापायीच पडली. मला कारण माहीत नव्हतं. पण काहीतरी खोड आहे एवढं मनाला कळत होतं, आणि तरी मी चांगली चालते म्हणून दिली."

वाळूचा हात उठला. रोहिणीने डोळे मिटले. पण त्याने मारलं नाही. हात तसाच खाली घेतला आणि म्हणाला, "माजं पोर निळं पडलं असतं, तर तुला इथंच गाडला असता." मग थोड्या वेळाने, तोंड दुसरीकडे करून, "आलास पन. नस्ता आला तर?"



नवनाथ पाड्यावरून शेगडी गाडीवर बांधून नाशिकला घेऊन आला. एजन्सीच्या मेकॅनिकने बर्नर उचलले, खालचे पितळी जेट पान्याने काढले आणि सिलिंडरचे नवे जेट त्यांच्याशेजारी ठेवले. दोन्ही नवनाथने उजेडाकडे धरून पाहिले. जुन्यात सुई जाईल एवढं भोक, नव्यात सुईचं टोकही अडेल. एवढाच फरक. त्याने जुने जेट तिथल्या तिथे हातोडीने ठोकून चेपायला लावले. मेकॅनिकने बर्नरमध्ये हवा शिरते तिथल्या पट्ट्या नीट लावल्या, नळी नवी घातली, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. शेगडी पेटवली. ज्योत बुटकी, निळी, सरळ उभी राहिली. नवनाथने ती बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "पुन्हा एकदा पेटवून दाखवा."

यशोदाबाई घरी आल्या होत्या. पुढच्या रविवारी नवनाथ आणि रोहिणी शेगडी घेऊन पाड्यावर गेले. नको म्हणाले तर स्टीलची दुसरी द्यायची, असं ठरवून तीही बरोबर घेतली होती. वाळूने काळ्या काचेचीच ठेवून घेतली. "भोक बदललं ना? मग शेगडीचा काय दोष," तो म्हणाला. पण ती आत न्यायला तो तयार नव्हता. अंगणात, कुडाच्या आडोशाला दगडांवर फळी टाकून तिथे मांडली.

नवनाथने सिलिंडर उघडला. लायटर रोहिणीच्या हातात होता. तिने बटण फिरवलं, पण पहिल्यांदा ठिणगी पडली नाही. गॅसचा वास नाकात गेला आणि ती झटकन मागे झाली. विठाबाईने तिच्या हातातून लायटर घेतला, बटण बंद केलं, वास जाईपर्यंत थांबली आणि मग स्वतःच पेटवली. निळी ज्योत गोल फिरून स्थिर झाली. म्हातारी वाकून, तोंडाला पदर लावून, बर्नरकडे रोखून पाहत राहिली. मग तिने चहाचं आधण ठेवलं.

मैना बाळाला घेऊन अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, बाभळीखाली उभी होती. रोहिणी तिच्याकडे गेली. बाळ जागं होतं, आईच्या खांद्यावरून इकडे तिकडे बघत होतं.

"आता काही होणार नाही," रोहिणी म्हणाली. "निळी आहे बघ."

"दिसतंय मला," मैना म्हणाली.

"चहा घ्यायला चल."

मैनाने मान हलवली. तिने बाळाच्या नाकापुढे बोट धरलं, श्वास लागतोय का ते पाहिलं, आणि पुन्हा शेगडीकडे नजर लावली.

"तुमी घ्या ताई," ती म्हणाली. "मी हितं बरी हाय."